तंबू फक्त फॅमिलीसाठी

कुवेतच्या वाळवंटात मी सोनं शोधते, हे ऐकून पहिल्यांदा सगळेच हसतात. माझा नवरा बँकेत हिशेब तपासतो. लग्न होऊन इथे आल्यापासून तोही हसतोच आहे. इथे तेल आहे, सोनं सोन्याच्या बाजारात आहे, वाळूत काय असणार? पण मी भूशास्त्र शिकलेली बाई. नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि इथल्या भारतीय शाळेत भूगोल शिकवायला लागले, म्हणून शिकलेलं काही पुसलं जात नाही. देशाच्या पश्चिमेला, साल्मीच्या रस्त्याला, वाळूवर बारीक गोटे पसरलेले दिसतात. हे गोटे इथले नाहीत. लाखो वर्षांपूर्वी इथे नदी होती. पार अरबस्तानच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून तिनं ते वाहून आणले, आणि त्या डोंगरांत सोनं आहे. गोट्यांबरोबर एखादा कण आला असेल की नाही, एवढाच माझा प्रश्न. श्रीमंत व्हायचं कधी मनात नव्हतं. तो कण डोळ्यांनी बघायचा होता.

नाद लागला सांगलीत, शाळेत जाता-येता. सराफ कट्ट्यावर एक झारेकरीण दुकानांपुढच्या गटारातली माती उपसून लाकडी थाळ्यात धूत बसायची. थाळा असा हलवायची की हलकी माती काठावरून निघून जायची आणि तळाशी चिमूटभर काळा गाळ उरायचा. तिच्या हाताला जे कळायचं ते मला एम.एस्सी.ला कुणी शिकवलं नाही.

इथे हवल्लीच्या दोन खोल्यांच्या घरात मी पिशवीभर रेती आणून स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची. सिंक तुंबायचं. एकदा ओट्याखालच्या कपाटाचं दार निखळलं म्हणून सुतार बोलावला. दुकानं सजवणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता, देवगडकडचा, पंचेचाळिशीचा. फावल्या वेळात घरगुती कामं करायचा. दार बसवता बसवता त्याची नजर टेबलावरच्या परातीत गेली.

"ह्यां काय असा, वयनी? काळी रेती?"

मी सांगितलं. तो हसला नाही. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून त्यानं परात उचलली, उजेडात धरली, मग कपाटाच्या आत सावलीत धरली.

"चमाकता तां सोना नाय," तो म्हणाला. "सावलेत चमाक जाता. सोना सावलेतय तसांच दिसतला."

अगदी खरं होतं. अभ्रक उन्हात लखलखतं आणि सावलीत मरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ह्या माणसाला ते बघून कळलं. त्याच्या गावात एकच सोनार, आणि लहानपणी सुट्टीत हा त्याच्याकडे भाता मारायला बसायचा, असं त्यानं सांगितलं. पुढच्या शुक्रवारी तो आमच्याबरोबर वाळवंटात आला. पाण्याची बोंब बघितली, आणि पंधरा दिवसांनी टाकाऊ प्लायवूडची एक पेटी घेऊन दारात उभा राहिला. वर चाळणी, खाली तिरका कापडी पाट, त्यावर आडव्या पट्ट्या, त्याखाली हातानं चालवायचा भाता. रेती वरून सोडायची आणि भाता मारायचा. हवेनं हलकं उडून जायचं, जड पट्ट्यांशी अडकायचं. मी इंटरनेटवर असली यंत्रं पाहिली होती. त्यानं एकही पाहिलं नव्हतं. माझं तोंडी वर्णन ऐकून त्यानं ते बनवलं होतं.

त्यानंतर दोन हिवाळे तो आमच्यातलाच होता. निदान मला तसं वाटत होतं.

हळूहळू आमचा एक हौशी ग्रुप झाला. मीना अल-अहमदी बंदरावरच्या रिफायनरीतले एक इंजिनीअर होते. त्यांच्याकडे धातू शोधायचं महागडं यंत्र होतं. लोकांच्या तंबूंच्या जुन्या तळांवर हरवलेल्या अंगठ्या आपल्याला मिळतील, अशी त्यांची आशा. त्यांची बायको आणि चौदा वर्षांची मुलगी. रुमैथिया भागात राहणारं आयटीतलं एक जोडपं. आणि आम्ही तिघं: मी, नवरा आणि तो सुतार, ज्यांना आता आम्ही मिस्त्री म्हणायचो. आम्ही खणत मात्र नसू. आखाती युद्धाच्या वेळचं काय काय अजून जमिनीत आहे, ते कुणी सांगू शकत नाही. तळांसाठी आखून दिलेल्या जागेतच राहायचं, वरचे दोन बोटं गोटे खरवडायचे आणि काम झालं की परत पसरून ठेवायचे, हा नियम मीच घालून दिला होता.

अडचण होती ती राहण्याची. सकाळी निघून संध्याकाळी परतायचं तर निम्मा दिवस गाडीतच जातो. हिवाळ्यात कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकतात, त्यांना मुखय्यम म्हणतात. त्यातले काही भाड्यानं मिळतात, पण चांगल्यांचं भाडं एखाद्या हॉटेलासारखं. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या सुरुवातीला इंजिनीअरसाहेबांना एक स्वस्त मुखय्यम सापडला. दोन मोठे तंबू, एक बायकांना आणि एक पुरुषांना, एक स्वयंपाकाचा तंबू, जनरेटर, एक संडास. गालिचे विटलेले, पण गुरुवार दुपारपासून शनिवार दुपारपर्यंत आम्हाला परवडेल असं भाडं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'फक्त फॅमिलीसाठी'. आम्ही कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. आम्ही फॅमिलीच होतो ना!

गुरुवारी दुपारी पोहोचलो. मॅनेजर भारतीयच होता, हिंदी बोलणारा. त्यानं सगळ्यांचे बताके, म्हणजे इथली ओळखपत्रं, गोळा केली आणि एकेक बघू लागला. मिस्त्रींचं हातात आल्यावर थांबला.

"ये किसके साथ है? इसकी फॅमिली?"

मी तोंड उघडायच्या आत इंजिनीअरसाहेब म्हणाले, "वो हेल्पर है हमारा."

"हेल्पर चलेगा," मॅनेजर म्हणाला. "किचन के टेंट में सोएगा. फॅमिली टेंट में नहीं जाने का."

मिस्त्रींनी मान हलवली, आपली पिशवी उचलली आणि स्वयंपाकाच्या तंबूकडे चालू लागले.

आणि मी? मी गप्प बसले. हे लिहिताना माझी कानशिलं अजून तापतात. मी गप्प बसले, कारण गुरुवारच्या गर्दीतून तीन तास गाडी चालवून आले होते, सगळ्यांचे डबे उघडायचे होते, आणि मला वाटलं, जाऊ दे, निघालं ना काम. दुसऱ्याचा अपमान होत असताना 'निघालं ना काम' म्हणणं किती सोपं असतं!

पुढच्या तासाभरात ते 'हेल्पर' सगळ्यांनी खरं करून दाखवलं. इंजिनीअरच्या बायकोनं त्यांना खुर्च्या मांडायला सांगितलं. तंबूच्या दाराची दोरी सुटली होती, ती बांधायला सांगितलं. आयटीवाल्यांनी गाडीतून गाद्या काढायला बोलावलं. मिस्त्रींनी सगळं केलं. मग आम्ही गालिच्यावर गोल बसून जेवायला लागलो. मी घरून पुरणपोळ्या करून आणल्या होत्या, आणि त्या मुद्दाम मिस्त्रींसाठी केल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या धाकट्या मुलीचा वाढदिवस होता, हे मला माहीत होतं. इंजिनीअरच्या बायकोनं कागदी ताटलीत दोन पोळ्या घातल्या आणि मुलीला म्हणाली, "जा, त्यांना मागे देऊन ये."

मुलगी ताटली घेऊन माझ्यापाशी आली. तिचं मराठी कमीच. तिनं सरळपणे विचारलं, "आंटी, इज ही स्टाफ? आय थॉट ही वॉज युअर फ्रेंड."

घास माझ्या हातातच राहिला.

मी उठले ती थेट मॅनेजरच्या खोलीकडे गेले. लोखंडी केबिनमध्ये तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

"तो माणूस आमचा नोकर नाही," मी म्हणाले. "आमच्याबरोबर आलाय, आमच्याइतकेच पैसे भरून आलाय. तो आमच्या पुरुषांबरोबर त्यांच्या तंबूत झोपेल."

"मॅडम, रूल है. फॅमिली मुखय्यम में बॅचलर नहीं चलता."

"बॅचलर? त्याला बायको आहे. दोन मुली आहेत. एकोणीस वर्षं झाली लग्नाला!"

"फॅमिली इधर नहीं है ना, मॅडम. फॅमिली इधर नहीं, तो बॅचलर."

तो उद्धटपणे बोलला नाही. नळाला पाणी नाही हे सांगावं तसं त्यानं सांगितलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. हा शब्द मी इतकी वर्षं रोज ऐकत होते, इमारतींच्या पाट्यांवर वाचत होते. स्वतःही वापरला होता. आमच्या इमारतीत 'बॅचलर' ठेवू नयेत म्हणून मालकाकडे जो अर्ज गेला, त्यावर माझ्या नवऱ्याची सही आहे. ज्याचा पगार बायकोला आणण्याइतका नाही, तो बॅचलर. दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, मुलीच्या तापाची बातमी फोनवर ऐकतो, सासऱ्याच्या अंत्यविधीला पोहोचू शकत नाही, तरी तो बॅचलर, म्हणजे सडाफटिंग, म्हणजे ज्याच्यापासून आमच्या बायका-मुलींना जपायचं. एखाद्याचा संसार त्याच्यापासून तोडायचा आणि वर त्यालाच संसार नाही म्हणून दारात अडवायचं! हे कुठलं डोकं?

मी परत आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. केबिनमधला माझा आवाज तिथपर्यंत पोहोचला होता.

"अहो वहिनी, रूल काय आपण केलाय का?" इंजिनीअरसाहेब म्हणाले. "मी हेल्पर म्हटलं म्हणून तर त्याला आत घेतलं. नाहीतर गेटवरूनच परत जावं लागलं असतं त्याला. मी मदतच केली."

"तुम्ही विचारलंत का त्यांना? हेल्पर म्हणू का म्हणून?"

"आता तमाशा नको," माझा नवरा हळूच म्हणाला.

इंजिनीअरच्या बायकोनं मुलीला जवळ ओढलं. "तुम्हाला नाही कळायचं. तुमचा मुलगा आहे, तोही कॅनडात. आमची मुलगी आहे इथे. काळजी घ्यावी लागते."

"मुली त्यांनाही आहेत," मी म्हणाले. "दोन. त्यांची काळजी कोण घेतंय ते बघितलंयत कधी?"

आयटीवाला उगाचच चहाचं पाणी बघायला गेला.

मी स्वयंपाकाच्या तंबूत गेले. मिस्त्री गॅसच्या सिलिंडरशेजारी पिशवीवर बसले होते. ताटली मांडीवर होती, पोळी अर्धी खाल्लेली. माझा चेहरा बघून ते उठून उभे राहिले.

"माझ्यामुळा भांडू नकात, वयनी. मी गाडयेत झोपतंय. माका सवय असा."

ह्या 'सवय असा'नं माझा तोल गेला. मी त्यांच्यावरच ओरडले. "कसली सवय? तुम्ही का ऐकून घेतलंत? का नाही म्हणालात की मी हेल्पर नाही?"

त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाले, "मी म्हटला असता तर काय झाला असता? तुमका रागवाक येता. मी रागावलंय तर माका थेट विमानात घालून घराक धाडतले."

खरंच होतं. मी मॅनेजरवर ओरडून आले आणि मला काहीही झालं नव्हतं. तो 'मॅडम, मॅडम' करत राहिला होता. माझा राग हीसुद्धा फॅमिलीला मिळणारी सवलतच होती.

"मी सांगते त्याला की तुम्ही माझे भाऊ आहात," मी म्हणाले. "मग फॅमिलीच झालात."

त्यांनी मान हलवली. "भाव म्हणान सांगू नकात. जागा गावतली, पण ती तुमच्या भावाक गावतली. माका नाय."

मी तिथेच ठरवलं, आपण निघायचं. नवऱ्याला सांगितलं. तो वैतागला, भाडं परत मिळणार नाही म्हणाला, पण गादी गुंडाळायला लागला. मिस्त्री म्हणाले, उजेड आहे तोवर एक पाटी तरी घालू, इतक्या लांब आलोच आहोत तर. म्हणून आम्ही तिघं कुंपणाबाहेरच्या उतारावर गेलो. पावसाच्या पाण्यानं तिथे एक उथळ घळ झाली होती आणि तिच्या वळणावर गोटे साचले होते. मी खरवडून देत होते, नवरा चाळत होता, मिस्त्री भाता मारत होते. चौथ्या पाटीनंतर त्यांनी भाता थांबवला. पट्ट्यांशी अडकलेला काळा गाळ परातीत झाडून घेतला, बाटलीतलं थोडं पाणी टाकलं आणि परात हलवू लागले. मग ते पाठमोरे वळले आणि स्वतःच्या सावलीत परात धरली.

"वयनी, हय या."

काळ्या गाळाच्या कडेला एक कण होता. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, चपटा, पिवळा. सावलीत तसाच पिवळा. मी खिशातून भिंग काढलं. कडा गोलावलेल्या, दूरवरून वाहत आल्यासारख्या. सुई टेकवली तर तुटला नाही, दबला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी सिंक तुंबवलं होतं तो हा. मी किंचाळले असेन, कारण सगळे कुंपणातून पळत आले. इंजिनीअरसाहेबांनी मोबाइल काढला. मिस्त्रींनी कण बोटाच्या टोकावर उचलून तळहातावर घेतला, आणि त्या रापलेल्या, डिंकानं काळ्या पडलेल्या हाताचा फोटो निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयटीवाली म्हणालीसुद्धा, "राहा ना आता, एवढं सापडलंय!"

"कुठे राहू?" मी विचारलं.

सूर्य टेकायच्या आत आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो होतो. मिस्त्रींनी कण एका छोट्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला. मी घेईना. शेवटी त्यांनी तो खिशात घातला, आणि घरी व्हिडिओ कॉल लावून मुलीला दाखवला. तिला पडद्यावर काही दिसलं नाही. तिनं विचारलं, "बाबा, केक खंय असा?"

इथपर्यंत मी सगळं विसरले असते. पण दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. फोटोच्या कडा छाटून तळहात काढून टाकला होता. कण आणि त्याखाली बोटाची थोडी कातडी, बस्स. खाली लिहिलेलं, 'आमच्या ग्रुपचं पहिलं सोनं!' आठवड्याभरात तोच फोटो मॅनेजरच्या नव्या जाहिरातीत दिसला. स्वस्त हिवाळी मुक्काम, इथे सोनं सापडतं, फक्त फॅमिलीसाठी. ज्या माणसाला त्यांनी सिलिंडरशेजारी झोपायला पाठवलं, त्याच्याच हातावरचं सोनं दाखवून ते गिऱ्हाईक बोलावत होते.

मग इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात इंजिनीअरसाहेबांचं भाषण ठेवलं गेलं, 'वाळवंटातलं सोनं'. मी गेले. पडद्यावर चित्रं, नकाशे, त्यांचं महागडं यंत्र. त्या यंत्रानं आजवर बाटल्यांची झाकणं आणि एक चमचा शोधला होता. पेटीचं चित्र आलं तेव्हा ते म्हणाले, "हे आमच्या ग्रुपनं विकसित केलेलं तंत्र." मी उभी राहिले. सगळं सांगितलं. पेटी कुणी बनवली, कण कुणाला सापडला, आणि त्याच दिवशी त्या माणसाला तंबूत जागा का मिळाली नाही. आणि हेही सांगितलं की मी तासभर गप्प बसले होते.

सभागृहात कुणी खोकलं. अध्यक्ष माईकपाशी येऊन म्हणाले, "वहिनी, वेळ कमी आहे, आपण हे नंतर बोलू." नंतर म्हणजे जेवणाच्या रांगेत एक ओळखीची बाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, हिला काही वाटलं असेल. तिनं विचारलं, "त्या सुताराचा नंबर द्या ना. आमचं वॉर्डरोब करायचंय."

मी ग्रुप सोडला. इंजिनीअरच्या बायकोचा मेसेज आला की मी एका माणसासाठी सगळ्यांचा हिवाळा नासवला. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि दिलं नाही. नवऱ्यानं मात्र एक केलं. तो इमारतीच्या मालकाकडे गेला आणि अर्जावरची आपली सही मागे घेतो म्हणाला. मालकानं त्याला चहा पाजला आणि अर्ज केव्हाच मंजूर झाल्याचं सांगितलं.

त्या हिवाळ्यात मी सतरा मुखय्यमवाल्यांना फोन केले. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच, फॅमिली आहे का? अठरावा एक म्हातारा कुवेती होता, पूर्वी पाण्याचा टँकर चालवणारा. त्यानं तुटक्या हिंदीत विचारलं, "कितना नफर?" म्हणजे किती माणसं. मी म्हटलं, सहा. तो म्हणाला, या. एवढंच. तंबू जुना होता, गालिच्याला भोकं होती आणि संडासाचं दार लागत नव्हतं. मिस्त्रींनी ते पहिल्याच तासात बसवलं, मी नको नको म्हणत असताना. त्यांच्या खोलीतले तीन सोबतीही आले होते. एक शिंपी, एक स्वयंपाकी, एक वेल्डर. त्यांना सोन्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते वाळूवर आडवे पडून राहिले.

गेल्या शुक्रवारीही आम्ही तिथेच होतो. गोटे खरवडले, भाता मारला, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी मिस्त्री तंबूच्या मधोमध घोरत होते. एरवी पहाटे चार वाजता कंपनीची बस गाठणारा माणूस. नवरा त्यांना उठवायला निघाला होता. मी त्याला बाहेर बोलावलं आणि ते आपणहून उठेपर्यंत चहाचं आधण उतरवून ठेवलं.